बापूसांची मिशी कुणासाठी उतरली

जैसलमेर
सोमवार, १९ जानेवारी १९९८

जुगत,

बापूसांनी मिशी उतरवली.

बरोबर वाचलंस. दोन्ही बाजूंची, मुळापासून. परवा शनिवारी सकाळी माँसा चुलीपाशी बसली होती. जिन्यावरून कुणी उतरतंय म्हणून तिनं मान वर केली आणि झटकन ओढणी नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड केलं. "सायर, बघ कोण आलंय. बाहेरच्या खोलीत बसव," ओढणीआडून मला म्हणाली. तिला वाटलं, कुणी परका माणूस घरात शिरलाय. परका माणूस म्हणाला, "चहा दे."

दुपारी ती मला म्हणाली, "सत्तावीस वर्षांत मी ह्या माणसाचा वरचा ओठ पाहिला नव्हता."

"कसा आहे?"

"बारीक आहे. त्यांच्या बहिणीसारखा, तुझ्या भुआसारखा."

तुला हसू येत असेल तर हस. माझ्या मागच्या तीन राख्यांना तू दोन ओळींचंही उत्तर दिलेलं नाहीस, तेव्हा तू हसतोस की नाही हे मला कळायला मार्ग नाही. पण बाकी कुणी हसत नाहीये. आपल्याकडे मिशी कशासाठी उतरते हे तुला मी सांगायला नको. बाप गेला की उतरते. आजोबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. मग आता कोण गेलं?

हाच प्रश्न सगळ्या गल्लीला पडलाय. रविवारी सकाळीच भुआसा रिक्षातून उतरली ती पांढरं नेसून. दारातूनच गळा काढायच्या तयारीत होती, पण कुणाच्या नावानं काढायचा ते ठाऊक नाही. माझ्या कानाशी येऊन विचारते, "कोण?" मी म्हटलं, "भुआसा, मलाही नाही माहीत." तेव्हा ती हिरमुसून बसली आणि चहा प्यायली.

बापूसांना विचारलं तर म्हणाले, "खाज सुटत होती." एकोणीस वर्षं दही आणि तेल लावून वाढवलेली मिशी, गालावर गुंडाळी करून ठेवायची, सोडली की अडीच फूट भरायची. तिला आता खाज सुटली. आणि महोत्सव तीन आठवड्यांवर आलाय. फलक छापून आलेत. बसस्थानकावर, किल्ल्याच्या दारात, स्टेशनवर, सगळीकडे बापूसाच आहेत, लाल साफा आणि ती मिशी. मिशांच्या स्पर्धेत पाच वेळा पहिला नंबर आला तेव्हापासून हे शहर पाहुण्यांना बापूसांचं तोंड दाखवूनच बोलावतं. काल ते स्वतःच्याच फलकाखालून भाजी घेऊन आले. कुणी ओळखलं नाही.

शुक्रवारी ते दिवसभर घरी नव्हते एवढं मला ठाऊक आहे. अंधार पडता पडता आले, साफ्याचं टोक तोंडावर ओढून, थेट वर गेले. थंडी वाजत असेल असं आम्हाला वाटलं.

मी शोध काढणार आहे. लहानपणी तू म्हणायचास ना, जीजीच्या हाती बंद पाकीट द्यायची सोय नाही. तसं म्हण.

गावाकडून, बींजासरहून, तुला कुणी काही कळवलं आहे का? सहज विचारते.

जीजी

•

जैसलमेर
मंगळवार, २७ जानेवारी

जुगत,

आधी हसण्यासारखं सांगते. पुढचं तसं नाही.

गुरुवारी महोत्सवाचं काम बघणारे माथुरसाहेब घरी आले. बापूसांकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू किल्ल्याचा एक बुरूजच रातोरात पडलाय. "ठाकुरसाहेब, हे काय केलंत? बाहेरचे लोक तुम्हाला बघायला येतात." बापूसा म्हणाले, "मग बघा म्हणावं. मी इथंच आहे." शनिवारी साहेब परत आले ते रम्मतच्या नाटकमंडळींकडून नकली मिशी घेऊन. काळ्या दोऱ्याची, कानामागे अडकवायची. म्हणाले, लांबून कळत नाही. बापूसांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि साहेबांच्याच कानांना अडकवली. "शोभते तुम्हाला. उंटावर तुम्हीच बसा." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

भुआसानं तोवर आपल्या सगळ्या भाटी गोताची हजेरी घेतली. कुठल्या गावात कोण म्हातारं अंथरुणाला खिळलंय, कुणाचा मुलगा सीमेवर आहे, सगळं. कुणी गेलेलं नाही. एक चुलत काका तर फोनवर तिच्यावर चिडले की माझ्या मरणाची एवढी घाई कशाला.

मी वरच्या खोलीत गेले. रजयांखालची लोखंडी पेटी तुला आठवते. तिला नऊ वर्षं कुलूप आहे. आत काय आहे हे मलाही माहीत होतं, माँसालाही. तिघांनीही कधी तोंडातून काढलं नाही. पेटी उघडी होती, जुगत. आतल्या कापडावर कमायच्याच्या पोटाचा गोल ठसा तेवढा होता; वाद्य नाही, गज नाही.

मग मी बसस्थानकावर गेले. बींजासरच्या बसचा कंडक्टर माझ्या शाळेतल्या एका मुलीचा बाप. म्हणाला, "ठाकुरसाहेब शुक्रवारी सकाळच्या गाडीनं गेले. मांडीवर गोधडीत काहीतरी गुंडाळलेलं होतं, तान्हं मूल धरावं तसं धरून बसले होते. परत आले तेव्हा हात रिकामे."

आणि आज बाजाराच्या दिवशी बींजासरचा लूणा न्हावी गाठ पडला. आजोबांच्या वेळी आपल्या सगळ्या पुरुषांचं मुंडन ज्यानं केलं तोच. आता थकलाय, पण वस्तरा चालतो. मला बघून चुकवायला लागला. मी त्याचा रस्ता अडवला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं. तेव्हा म्हणाला, "बाईसा, मला गाणाऱ्यांच्या, मांगणियारांच्या वस्तीत बोलावणं आलं. गेलो तर ठाकुरसाहेब झाडाखाली बसलेले. म्हणाले, उतरव. मी म्हटलं, हुकम, कुणासाठी? ते म्हणाले, तुझं काम कर. मी परत विचारलं, कारण नाव घेतल्याशिवाय मी मिशीला वस्तरा लावत नाही, माझ्या बापानंही कधी लावला नाही. तेव्हा त्यांनी नाव घेतलं."

खमीसूबाबा गेले, जुगत, तुझ्या हाती गज देणारे. चौदा तारखेला, रोज्यांच्या दिवसांत, पहाटेचं खाऊन झोपले ते उठले नाहीत. बापूसांना तिसऱ्या दिवशी कळलं आणि ते गेले.

तुला हे असं कागदावरून सांगायला नको होतं. पण तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि वडोदऱ्याच्या त्या वाद्यांच्या दुकानाच्या पत्त्याशिवाय तुझं काहीच माझ्याकडे नाही.

जाताना लूणा परत वळला. म्हणाला, "मांगणियारानं यजमानासाठी डोकं भादरलेलं मी शंभरदा पाहिलंय. यजमानानं मांगणियारासाठी मिशी उतरवल्याचं कधी ऐकलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, बाईसा. तुम्हीही सांगू नका."

मी तुला सांगितलं. माँसाला सांगितलं. ती म्हणाली, "आता मला तो ओठ बघवेल."

जीजी

•

जैसलमेर
गुरुवार, ५ फेब्रुवारी

जुगत,

रविवारी बींजासरला जाऊन आले. बापूसांना शाळेचं काम सांगितलं.

नियामतकाकी अंगणात बसली होती. बाबांच्या मागे बारीक झालीय. यजमानाची मुलगी म्हणून मला बघून उठली नाही, आणि तेच बरं वाटलं. तिचे दोन्ही मुलगे हॉटेलांत गातात, तुला माहीत असेल. मोठा पेटी वाजवतो, धाकटा ढोलक. खमीसूबाबांच्या हातचा कमायचा दोघांपैकी एकालाही येत नाही. "पोटाला पेटी बरी पडते," ती म्हणाली. "पाहुण्यांना पेटी कळते." तक्रार म्हणून नाही, भाव सांगावा तसं.

मी तिला एकच विचारायला गेले होते. बापूसा आले तेव्हा काय झालं?

ती म्हणाली, "दारात उभे राहिले. मुलांनी खाट टाकली तर बसले नाहीत. गोधडी उघडून माझ्यापुढे ठेवली. बाईसा, तो कमायचा माझ्या सासऱ्याच्या बापाचा. ह्यांनी तुमच्या भावाला दिला होता. नऊ वर्षं आम्ही मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. तारा सगळ्या सुकून तुटलेल्या. कातड्याला उंदीर लागला होता. मी म्हटलं, हुकम, आता कुणाला देताय? तर म्हणाले, मला उशीर झाला. एवढंच. मग झाडाखाली जाऊन न्हाव्याला बोलावलं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी म्हटलं, मिशी नका काढू, महोत्सव आलाय. तर म्हणाले, तिच्याच माजात मी ते बोललो होतो."

ते काय, हे तुला ठाऊक आहे, तू समोर उभा होतास. मी बायकांच्या बाजूला बसले होते. एकोणनव्वदचा महोत्सव. बापूसांना तिसऱ्यांदा पहिला नंबर मिळालेला, गळ्यात हार, भोवती कॅमेरे. आणि मग मांगणियारांची टोळी मंचावर आली आणि त्यांच्यात तू बसलेला, खमीसूबाबांच्या उजव्या हाताला, मांडीवर कमायचा. तू गज फिरवलास तेव्हा मला आधी अभिमानच वाटला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मग बापूसा मंचावर चढले. तुझ्या हातातून कमायचा ओढला. ध्वनिवर्धक चालू होता, त्यांना कळलं नाही. "माझ्या मुलाला मागता, मागून खाणारा केलास," असं ते खमीसूबाबांना म्हणाले आणि ते हजार माणसांनी ऐकलं. तू सकाळच्या बसनं गेलास. मी बस सुटेपर्यंत खिडकीत उभी होते, खाली उतरले नाही.

नियामतकाकी म्हणाली की घरी आल्यावर खमीसूबाबांनी हातपाय धुतले. जेवले. दुसऱ्या दिवशी उंटाला पाणी पाजायला गेले. पण आपल्या घराची वाट त्यांनी सोडली. लग्न, बारसं, मरण, कशालाच नाही. फक्त माझा तेजू जन्मला तेव्हा आले होते. तू गेल्यानंतरची गोष्ट. गल्लीत उभं राहून मुलाच्या नावानं पूर्ण गाणं गायले, आपल्या घराण्याची सगळी नावं घेतली. माँसानं गूळ, कापड, नारळ ताटात घालून बाहेर पाठवलं. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि तसंच परत धाडलं. मांगणियार गातो आणि काही घेत नाही, म्हणजे नातं तुटलं. बापूसा गच्चीवर होते. त्यांनी सगळं पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत एवढं मला आठवतं. का जेवले नाहीत हे समजायला मला सहा वर्षं लागली.

निघताना नियामतकाकीनं मला एक गोष्ट विचारली. ती आत्ता लिहीत नाही.

बापूसा सध्या रोज गच्चीवर एकटेच फेऱ्या मारतात आणि पुटपुटतात. माँसाला वाटतं जप सुरू केलाय. मी कान देऊन पाहिलं. जप नाही, नावं आहेत. कुणाची ते लागत नाही.

जीजी

•

जैसलमेर
गुरुवार, १२ फेब्रुवारी

जुगत,

काल महोत्सव संपला. अजून कानांत ढोल आहेत.

पहिल्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यात पुढच्या उंटावर दरवर्षी बापूसा असतात. ह्या वेळी बाडमेरचा एक दातांचा डॉक्टर होता. मिशी बरी, पण कलप लावलेली. ऊन चढल्यावर गालावर ओघळ आला. बापूसा गडीसर तळ्यापासून चालत निघाले. पांढरा साफा, हातात काठी, मिरवणुकीच्या मधोमध मांगणियारांच्या गाडीमागे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायची कुणाची छाती नव्हती.

किल्ल्याच्या चौकात एक गोरी बाई त्यांच्यापाशी आली. हातात पोस्टकार्ड, बापूसांच्याच फोटोचं, दुकानात मिळतं ते. तिनं फोटोवर बोट ठेवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हा माणूस कुठे भेटेल? मी तिथेच होते. बापूसांनी पोस्टकार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिलं. म्हणाले, "ह्या वर्षी आला नाही." बाई खट्टू झाली. मग बापूसांना काय वाटलं कुणास ठाऊक, तिला म्हणाले, "ह्याच्याबद्दल काय विचारायचंय? मी ओळखतो." तिनं विचारलं, माणूस कसा आहे? "गर्विष्ठ," बापूसा म्हणाले. तिला शब्द कळला नाही. माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मी म्हटलं, उंच आहे.

आता कालचं. सम गावच्या टेकड्यांवर उन्हं उतरत होती, पाहुणे वाळूत गाद्यांवर बसलेले. मिशांची स्पर्धा झाली. दातांचा डॉक्टर पहिला. रिवाज असा की आधीच्या वर्षीच्या विजेत्यानं नव्याला साफा बांधायचा. माथुरसाहेबांना ते टाळायचं होतं, पण निवेदकानं सवयीनं बापूसांचं नाव पुकारलंच. बापूसा वर गेले. गर्दीत कुजबुज झाली, हे कोण. त्यांनी डॉक्टरला साफा बांधला, छान बांधला, दहा पेच. आणि ध्वनिवर्धकापाशी गेले.

मला वाटलं, काहीतरी भलतंच होणार.

ते म्हणाले, "मांगणियार आमची नावं घेतात. माझा बाप, त्याचा बाप, बारा पिढ्या. मी लहान असल्यापासून ऐकतोय. त्यांची नावं कुणी घेत नाही. आज मी घेतो." आणि सुरू केलं. खमीसू लाखाचा. लाखा सादिकचा. सादिक मेहरचा. मेहर... आणि अडले. पाहुण्यांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बापूसा हात वर करून थांबले. चेहरा लाल झालेला, मिशी नसल्यामुळे ओठ थरथरलेला सगळ्यांना दिसला. खाली मांगणियार बसले होते. मग खमीसूबाबांचा थोरला मुलगा, पेटी मांडीवर तशीच, खालूनच म्हणाला, "मेहर गाजीचा, हुकम." बापूसा म्हणाले, "मेहर गाजीचा." पुढची तीन नावं दोघांनी मिळून घेतली, एक खालून, एक वरून.

शेवटी म्हणाले, "ह्या खमीसूनं माझ्या मुलाला विद्या दिली. मी ह्याच जागेवरून त्याला मागता म्हटलं. तेव्हाही हा ध्वनिवर्धक चालू होता, म्हणून आज ह्यातूनच सांगतो." आणि खाली उतरले. पाहुण्यांनी परत टाळ्या वाजवल्या. मांगणियारांपैकी कुणी वाजवल्या नाहीत. पण बापूसा त्यांच्यापाशी आले तेव्हा ते सरकले आणि मध्ये एका माणसाची जागा झाली. तिथे ते उंटांच्या शर्यती संपेपर्यंत बसून राहिले.

नावं त्यांनी नियामतकाकीकडून लिहून आणली होती. गच्चीवर तीच पाठ करत होते.

परत येताना बसमध्ये मी ठरवलं की माझंही आता सांगून टाकावं. बापूसांना हजार माणसांसमोर जमलं, मला एका पाकिटात जमायला हवं.

नियामतकाकीनं मला विचारलं होतं ते हे: "बाईसा, माझा निरोप तुम्हाला मिळाला होता ना?" मिळाला होता. दिवाळीच्या आधी त्यांचा पुतण्या शाळेत आला होता. खमीसूबाबांना बरं नाही, जुगतला बोलवा, एकदा डोळ्यांनी बघायचंय. मी म्हटलं, आजच लिहिते. लिहिलं नाही. तू आलास तर घरात परत तोच तमाशा होईल, पुढे महोत्सव, बापूसांचं वय, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. खरं कारण त्याहून लहान आहे. तू निघून गेलास आणि मी राहिले. नऊ वर्षं माँसा-बापूसांच्या औषधापाण्याला, रुसव्याफुगव्याला, भुआसाच्या टोमण्यांना मीच. आणि तरी खमीसूबाबांना शेवटी कोण हवं, तर तू. मला राग आला. रागात मी तो निरोप ठेवून दिला, बापूसांनी कमायचा ठेवला तसा.

म्हणून पहिल्या पत्रात सहज विचारल्यासारखं केलं होतं. ते सहज नव्हतं.

आता तू हवं तर उत्तर देऊ नकोस.

जीजी

•

जैसलमेर
रविवार, १५ फेब्रुवारी

जुगत,

तुझं पत्र काल आलं. माझं बारा तारखेचं तुला अजून मिळालेलं नसेल, दोन्ही वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असतील.

तू लिहितोस की खमीसूबाबांचा निरोप तुला दिवाळीतच मिळाला होता. पुतण्यानं माझ्यावर न विसंबता तुलाही कार्ड टाकलं होतं, आणि तू तिकीटही काढलं होतंस, आणि स्टेशनवरून परत गेलास. बापूसांच्या शहरात पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतंस म्हणून.

वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्यामुळे नाही. मग त्या सुटकेचीच लाज वाटली. एका म्हाताऱ्याला आपण तिघांनी मिळून वाट बघायला लावली, तिघांनी तीन ठिकाणी बसून. कुणाचा वाटा किती, हे मी आता मोजणार नाही.

माझा गुन्हा मी काल बापूसांना सांगितला. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "जुगतचं पत्र वाच." मी वाचलं, सगळं, त्यांच्याबद्दल तू लिहिलंयस तेही, एक शब्द गाळला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "तो दुकानात करतो काय नेमकं?" मी म्हटलं, वाद्यं दुरुस्त करतो. "कातडं चढवता येतं त्याला?" म्हटलं, मला काय माहीत, विचारून बघा. "तू विचार," म्हणाले. "तुला विचारायची सवय आहे."

तर विचारते. येतं का?

कारण असं आहे. चाळिसावा येत्या रविवारी, बावीसला. तोवर त्या घरात कुणी वाद्य वाजवणार नाही; मुलं वाजवतात ती बाहेर, पोटासाठी. सोमवारी सकाळी पहिला सूर लागायचा. नियामतकाकीची इच्छा आहे की तो कमायच्याचा असावा. तिच्याकडे कमायचा आहे, पण फाटलेला, आणि वाजवणारा नाही. खमीसूबाबांनी आयुष्यात दोनच माणसांना हाताला धरून शिकवलं. त्यातला एक तरणाच गेला. दुसरा वडोदऱ्यात दुसऱ्यांची वाद्यं नीट करतोय.

ती तुला बोलावत नाहीये. ती म्हणाली, "एकदा बोलावलं होतं, आता बोलावणार नाही. यायचं तर यावं." हे तिचे शब्द. मी तारही करते आहे, हे पत्र वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही.

शहरात पाय ठेवायचा नसेल तर नको ठेवूस. पोकरणला उतर, तिथून बींजासरची जीप मिळते.

खालचा कोरा भाग बापूसांसाठी सोडलाय. मी त्यांना म्हटलं, तुमचं काही असेल तर तुम्हीच लिहा. ते कागद घेऊन वर गेले ते तासाभरानं आले. घडी घालून दिला. मी तसाच पाकिटात घालते आहे.

जीजी

•

जैसलमेर
बुधवार, ४ मार्च

जुगत,

पोचल्याचं कार्ड मिळालं. माँसानं ते देव्हाऱ्यात ठेवलंय. मला हवं असेल तर नमस्कार करून घ्यावं लागतं.

तू घरी आला नाहीस याचं तिला वाईट वाटलं, पण सोमवारी सकाळी तिनं तुला वाजवताना पाहिलं, तेवढ्यावर ती वर्षभर जगेल. तुझे केस विरळ झालेत असं तिचं म्हणणं. तेल पाठवणार आहे.

तू रविवारी अख्खा दिवस त्या अंगणात बसून कातडं भिजवलंस, ताणलंस, तारा ओढल्यास. बापूसा भिंतीला टेकून बघत होते. दिवसभरात तुम्ही दोघं किती शब्द बोललात ते मी मोजलंय. तू म्हणालास, "तो चाकू द्या." ते म्हणाले, "हा?" तू म्हणालास, "लहान." संध्याकाळी ते म्हणाले, "परतीची गाडी किती वाजता?" झालं. नऊ वर्षांनंतर. मला तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडावंसं वाटलं होतं. नियामतकाकीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे बाईसा, कातडं सुकायला वेळ लागतो."

सोमवारी तू पहिला सूर लावलास तो जरा खाली होता, मला कळलं. मग चढलास. खमीसूबाबांचा थोरला मुलगा पेटी घेऊन बसला होता, त्यानं ती बंद केली आणि नुसता गायला. बापूसांनी डोळे मिटले नाहीत. तुझ्या हातांकडे बघत होते, लहान मूल रेडिओच्या आत माणूस शोधतं तसे. तुला ते दिसलं नसेल, तू खाली मान घालून वाजवतोस. म्हणून सांगते.

कमायचा नियामतकाकीनं तुला परत दिला, हे मी बापूसांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "रेल्वेत नीट नेला ना? वर ठेवला नाही ना?" मी म्हटलं, मांडीवर नेला.

माथुरसाहेब परवा येऊन गेले. पुढच्या वर्षासाठी आतापासून वाढवायला घ्या म्हणाले. ओठावर पांढरे खुंट आलेत, राखाडी पडल्यासारखे. बापूसा म्हणाले, "येईल तेवढी येऊ दे. स्पर्धेला नाही." साहेब मान खाली घालून गेले. फलक अजून आहेत, ऊन लागून लाल साफा गुलाबी झालाय.

आता माझं एक काम. त्या पत्राखाली बापूसांनी काय लिहिलं होतं ते तू मला बींजासरला सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक घडी न उघडता पाकिटात घातली होती, ते मोडायचं नाही असं ठरवलंय. जड जातं. पण एक गोष्ट मला न विचारता दिसते. तू गेल्यापासून रोज अकरा वाजता, पोस्टमन गल्लीत शिरायच्या वेळी, बापूसा खाली येऊन ओट्यावर बसतात. पोस्टमन काही नाही म्हणाला की उठून वर जातात.

म्हणजे त्यांनी तुला काहीतरी विचारलंय.

काय, ते मला सांगू नकोस. त्यांना मात्र उत्तर दे.

जीजी